पुलाच्या गाण्यातला श्वास

आमच्या मंडळाचा नियम एकच. वर्षातून एकदा, बातमीच्या दिवशी, सगळ्यांनी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीत जमायचं आणि प्रत्येकानं सांगायचं, आपल्याला कसं कळलं. लंबू गेला तो दिवस वेगळा. त्या दिवशी आम्ही जमत नाही, कारण तोवर सगळ्यांच्या मनाची तयारी झालेली होती. जमतो ते त्याच्या आजाराची बातमी फुटली त्या दिवशी. सकाळी आपला माणूस धडधाकट होता, नव्या दौऱ्याची पोस्टरं भिंतींवर ओली होती, आणि दुपारी रेडिओवरचा निवेदक घसा खाकरत सांगत होता की आता फारसं काही करण्यासारखं उरलेलं नाही.

लंबू म्हणजे आमचा गायक. रॉक गाणारा, ताडमाड उंच, डोळ्यांवर केस. आमचं मंडळ फक्त त्याचीच गाणी वाजवतं, पण आमच्यातलं कुणीही त्याला कधी भेटलेलं नाही. एकदा मैदानात लांबून पाहिला, तेव्हा तो अंगठ्याएवढा दिसत होता. तरी आम्ही त्याला ‘आमचा’च म्हणतो. ह्यावर कुणाला हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं, पण माझ्याकडे गाडी शिकायला येऊ नये.

तर, कुणाला कसं कळलं? आमचा बास गिटारवाला दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्यात रेडिओ चालू होता आणि खुर्चीत पेशंट तोंड उघडून पडला होता. पहिल्या वर्षी त्याच्या गोष्टीत पेशंटचे दात साफ करणं चाललं होतं. पुढं दाढ किडली. आता प्रकरण अक्कलदाढ उपटण्यापर्यंत आलंय आणि पेशंटच्या डोळ्यांतून धारा लागतात, कारण तोही लंबूचाच चाहता निघतो. तिखटमीठ लावायलाही काही मर्यादा असते, पण डॉक्टरला कोण सांगणार? माझा धाकटा भाऊ, आमचा गिटारवाला, न्हाव्याकडे होता. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला, रेडिओ मोठा केला आणि दोघं आरशात एकमेकांकडे बघत बसले. धाकटा अर्ध्या दाढीनं घरी आला. हे मात्र शंभर टक्के खरं, दार मीच उघडलं होतं.

आणि मी? मी एका बाईंना चौकात गाडी वळवायला शिकवत होते. त्यांची भीती मोडावी म्हणून रेडिओ मीच लावला होता. बातमी कानावर पडली आणि माझा पाय आपोआप माझ्या बाजूच्या ब्रेकवर गेला. भर चौकात. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, “माझं काय चुकलं हो?” मी म्हटलं, “तुमचं काही नाही चुकलं.”

राहिला कार्बन, आमच्यात लंबूची गाणी म्हणणारा. त्याची पाळी आली की तो म्हणायचा, “मला घरी कळलं.” एवढंच, आणि लगेच चहाचा कप उचलायचा. दरवर्षी हेच, शब्द तेच.

आता मला लोकांच्या गोष्टींत नाक खुपसायची खोड आहे, नाही म्हणत नाही. कुणी पत्ता विचारला तरी मी ‘कुणाकडे जायचंय’ हे काढून घेतल्याशिवाय सांगत नाही. आणि इथे तर आमच्यातला सगळ्यात मोठा भक्त, ज्यानं लंबूसाठी अख्खं तारुण्य घासलं, तो एका वाक्यात विषय संपवतो? त्यात भर म्हणजे त्याच दिवसानंतर तो सरावाला यायचा बंद झाला. काही दिवसांनी कळलं की त्याला मोठ्या हॉस्पिटलात ठेवलंय. फुप्फुसात गाठ. ऑपरेशन झालं, फुप्फुसाचा एक तुकडा गेला, माणूस कसाबसा वाचला. आणि गाणं सुटलं ते सुटलंच.

डॉक्टरनं ह्याची सरळ दंतकथा करून टाकली. “धक्का बसला हो त्याला,” तो येईल त्या पेशंटला सांगायचा. “लंबूची बातमी ऐकली आणि ह्याच्या छातीत गाठ झाली. ह्याला म्हणतात प्रेम.” गाठ अशी एका बातमीनं होत नसते, हे दातांच्या डॉक्टरलाही ठाऊक असणार. पण गोष्ट छान होती, आणि पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे उलट विचारणारं कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हीही ती मान्य करून टाकली होती.

कार्बन कोण, ते आधी सांगायला हवं. आईनं त्याचं नाव काहीतरी चांगलं ठेवलं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. अंगानं काटकुळा, नखांत कायम काळं ग्रीस, बोलायला महाकंजूष. ह्या धंद्याची गंमत अशी की लिफ्टवाल्याला जन्मभर जिने चढावे लागतात. त्याला बोलावतात तेव्हा लिफ्ट बंद असते, आणि यंत्राची खोली नेमकी गच्चीवर. खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून कार्बन जिने चढायचा आणि वर पोचला की गायला लागायचा.

गाणं हासुद्धा त्याच्या कामाचाच भाग होता. मधेच कुणी अडकलं असेल तर त्याच्याशी सतत बोलत राहायचं, म्हणजे माणूस घाबरत नाही, असं त्यांना शिकवलेलं असतं. कार्बनला बोलणं कुठलं सुचायला? म्हणून तो वरून गायचा. एकदा आमचा डॉक्टर असाच दोन मजल्यांच्या मधे अडकला. दिवे गेलेले, हवा कोंडलेली, आणि अचानक वरून लंबूचा आवाज. डॉक्टर म्हणतो, “मला वाटलं, मेलो आपण. मग आठवलं, लंबू तर जिवंत आहे. म्हणजे मीपण असणार!” लिफ्ट चालू झाल्यावर त्यानं त्या ग्रीसनं माखलेल्या माणसाला हाताला धरून थेट माझ्या खोलीत आणलं. आम्हाला गायक मिळाला.

आणि गायक म्हणजे कसला! डोळे मिटा, समोर लंबू. लंबू ज्या शब्दाचं शेपूट गिळतो, तो शब्द हाही गिळणार. तिसऱ्या तबकडीवर लंबू मधेच हसतो, तिथे हाही तेवढंच हसणार. एका गाण्याच्या आधी लंबूचा पाय खुर्चीला लागल्याचा आवाज आहे, तर ह्यानं त्यासाठी एक खुर्ची वेगळी ठेवली होती. म्हणून तर त्याचं नाव कार्बन, कार्बन कॉपीतला. मी एकदा म्हटलं, “अरे, एकदा तरी तुझ्या मनासारखं गा की.” तर म्हणाला, “माझ्या मनासारखंच गातो. माझ्या मनात तोच आहे.” कप्पाळ!

त्याची बायको, आमच्या वहिनी, बेकरीत काम करतात. पहाटेची किंवा दुपारची पाळी, भट्टीसमोर उभं राहून पाव काढायचे आणि घरी येऊन नवऱ्याची बोंबाबोंब ऐकायची. लंबूचं नाव त्यांनी ‘तो बोंबल्या’ असं ठेवलं होतं. इतक्या वर्षांत त्या आमच्या एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत. “घरात फुकट ऐकते, ते पुरे आहे,” असं त्यांचं उत्तर. कार्बन सरावाला लागला की त्या कानांत कापसाचे बोळे घालून भाजी निवडायला बसायच्या.

मग लंबूची शेवटची तबकडी आली. शेवटची, हे आता म्हणायचं. तेव्हा ती फक्त नवी होती. तिच्यात ते पुलाचं गाणं आहे. पुलावरचे दिवे एकामागून एक लागत जातात आणि गाणारा ते बघत चाललाय, त्यातली एक ओळ भलती लांब, दम काढणारी. अशा ओळी लंबू आधी एका श्वासात सहज काढायचा. ह्या वेळी मात्र ओळीच्या ऐन मध्यात, एक शब्द अर्धा तोडून, त्यानं श्वास घेतला होता. साधा नाही. आत काहीतरी अडकल्यासारखा, बारीक, खरखरीत.

आम्ही ती ओळ किती वेळा ऐकली असेल, देव जाणे. सुई उचल, मागं ठेव, उचल, मागं ठेव. धाकटा म्हणाला, रेकॉर्डिंगमधली चूक असेल. डॉक्टर त्याच्यावर खेकसला, “लंबू चूक करतो? अरे, शैली आहे ती! पूल अर्ध्यावर आला की माणसाचा ऊर भरून येतो, तिथे त्यानं श्वास घेतलाय.” आम्हाला पटलं. पटणारच. ज्याच्यावर जीव आहे त्याचं खोकणंसुद्धा माणसाला गाणं वाटतं. नुसत्या आम्हालाच नाही, दुसऱ्या गावांतल्या लंबूच्या मंडळांतही सगळे गाणारे तो श्वास घोटवायला लागले होते. कुणाचा जास्त खरखरीत, ह्याची चढाओढ. आता विचार केला की अंगावर काटा येतो. एका आजारी माणसाला नीट श्वास घेता येत नव्हता, आणि आम्ही सगळे तो पाठ करत होतो.

कार्बनला तो काही केल्या जमेना. तो गच्चीवर यंत्राच्या खोलीत करून बघायचा, जिन्यात करून बघायचा. जमतच नव्हतं, नाटकी वाटायचं. तो पार हिरमुसला. आणि मग एके दिवशी सरावाला आला, ओळ घेतली आणि श्वास असा लागला की माझ्या हातातली ड्रमची काडी थांबली. हुबेहूब! आम्ही टाळ्या वाजवल्या. डॉक्टरनं त्याला मिठी मारली. पुढच्या महिन्यात सगळ्या मंडळांची स्पर्धा होती, तिथे पहिला नंबर कार्बनचा. परीक्षक म्हणाले, “बाकीच्यांचा श्वास मुद्दाम घेतलेला वाटतो, ह्यांचा खरा वाटतो.”

त्यानंतर कार्बन बोलतानाही मधेच तसा श्वास घ्यायला लागला. जिना चढून आला की हमखास. आम्ही हसायचो. “काय रे, घरीदारी लंबूच का?” तोही हसायचा. “सराव,” म्हणायचा.

आणि मग बातमी आली. बाकी सगळं वर सांगितलंच आहे.

ऑपरेशननंतर कार्बन पुन्हा कामाला लागला, पण गच्चीवर दुसऱ्याला पाठवायचा. सरावाला यायचा, कोपऱ्यात बसायचा, तारा गुंडाळायचा. गायचा मात्र नाही. त्याचे डॉक्टर, म्हणजे छातीचे, त्याला म्हणत होते की गा, उलट बरंच आहे. आम्ही विनवण्या केल्या, मी तर दोनचार शिव्याही घातल्या. त्याचं एकच, “हुबेहूब येत नाही आता. मग कशाला?” कार्बनचं गाणं परत येतं की कायमचं जातं, ह्याची मला मनापासून धास्ती लागली होती. कारण गाणं गेल्यापासून त्या माणसात काही उरल्यासारखं दिसत नव्हतं. यायचा, बसायचा, जायचा.

ह्या वर्षी आम्ही जमलो. खोली तीच, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, मधे फोल्डिंगच्या खुर्च्या, कोपऱ्यात माझे ड्रम. डॉक्टरची अक्कलदाढ उपटून झाली. धाकट्याची अर्धी दाढी झाली. इतक्यात दार ढकलून वहिनी आत आल्या. बेकरीचा एप्रन तसाच अंगावर, कोपरापर्यंत पीठ. ह्या बाईनं माझ्या उंबऱ्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

“डॉक्टर भाऊजी कोण?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरनं घाबरत हात वर केला, वर्गात करतात तसा.

“तुमच्या दवाखान्यातून एक बाई आल्या होत्या पाव घ्यायला. गाल सुजलेला, बोलता येत नव्हतं धड, तरी मला सांगत होत्या. तुमचे मिस्टर म्हणे त्या गायकाच्या दुःखानं आजारी पडले? किती हो प्रेम! असं म्हणून डोळे पुसले त्यांनी. माझ्या काउंटरवर!” वहिनींचा आवाज चढला. “दुःखानं? ह्यांना तर दुःख करायला वेळच मिळाला नव्हता!”

“अगं, जाऊ दे ना,” कार्बन पुटपुटला.

“का जाऊ दे? इतकी वर्षं जाऊच दिलं. तुम्ही ह्यांना काय सांगता दरवर्षी?”

“घरी कळलं म्हणून सांगतो.”

“बस? एवढंच?”

मी लगबगीनं खुर्ची पुढं सरकवली. “वहिनी, बसा. आधी पाणी घ्या. आणि मग सगळं सांगा.” माझी उत्सुकता इतकी उतू चालली होती की पाण्याचा पेला मी धाकट्याच्या हातातूनच हिसकावला.

वहिनी बसल्या. पाणी न पिताच बोलायला लागल्या.

“त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. बेकरीत रेडिओ असतोच, भट्टीच्या आवाजात मी कधी लक्ष देत नाही. त्या दिवशी सगळे एकदम गप्प झाले, म्हणून कान दिला. तो बोंबल्या आजारी आहे म्हणाले. वाईट वाटलं, माणूस आहे शेवटी. मग त्यांनी काय केलं, त्याची दोन गाणी लावली. एक जुनं आणि एक पुलाचं. निवेदक म्हणाला, ऐका, इथे जो श्वास आहे तो आपल्याला वाटला गाण्याचा भाग, पण तेव्हाच त्याला त्रास सुरू झाला होता. आणि तो श्वास वाजला.”

त्या थांबल्या.

“ताई, माझ्या हातातला ट्रे खाली पडला. ते गाणं मला पाठ नव्हतं हो. मी कापूस घालून बसायचे. पण तो श्वास मला पाठ होता. रविवारी जेवण झालं की हे दुपारी लवंडतात. मी कापूस काढून पेपर वाचत बसते. तेव्हा ऐकू यायचा. तोच. अगदी तोच. मी मनात म्हणायचे, काय वेड आहे माणसाला, झोपेतसुद्धा त्या बोंबल्याची नक्कल करतो. हसू यायचं मला. आणि त्या दिवशी ट्रे पडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अहो, झोपेत नक्कल कोण करतं?”

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. आम्हाला सगळ्यांना एकदमच त्या टाळ्या आठवल्या असणार.

“मी तशीच घरी आले, पाळी टाकून. हे दिवसभर एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात होते, ह्यांच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. हात धूत होते. मी म्हटलं, अहो, एक गाणं म्हणा. तर हे माझ्याकडे असे बघायला लागले, की हिला झालंय काय?”

“पंधरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाली होती,” कार्बन हळूच म्हणाला. “मी तर खूश झालो.”

“खूश झाले! नळ चालू ठेवून विचारतात, कुठलं म्हणू? मी म्हटलं, पुलाचं. ती लांब ओळ. पण तो श्वास न घेता म्हणायची, पहिल्यासारखी, एका दमात. म्हणून दाखवा आणि मी जन्मात तुमच्या गाण्याला नावं ठेवणार नाही. पुढच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत येऊन बसेन.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. हे ऐटीत उभे राहिले. ओळ घेतली. मधे श्वास लागला. म्हणाले, सवय झालीये, थांब. पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच. म्हणाले, घसा कोरडा पडलाय. पाणी दिलं. पुन्हा घेतली. ह्या वेळी तर आणखी आधीच तुटली. मग म्हणायला लागले, दिवसभर खड्ड्यात धूळ गेली नाकातोंडात. मी सरळ बाहेर गेले आणि ह्यांचे बूट आणून समोर ठेवले.”

“बूट?” डॉक्टरनं विचारलं.

“हॉस्पिटलात जायला बूट नको का? हे म्हणाले, आत्ता? मी म्हटलं, आत्ता. म्हणाले, अगं, सराव आहे हा, मीच लावून घेतलाय, मीच सोडवीन. तेव्हा मी सांगितलं. म्हटलं, ज्याच्याकडून घेतलात ना, तो सराव करत नव्हता. तो आजारी आहे. वाचायचा नाही.” वहिनींनी एप्रनच्या टोकानं नाक पुसलं. “आणि हा माणूस एक बूट घालून स्टुलावर बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. कुणासाठी? त्या बोंबल्यासाठी! माझ्या घरातला माणूस जातोय की राहतोय ह्याचा पत्ता नाही, आणि हा दुसऱ्यासाठी रडतोय. असा राग आला ना मला! दुसरा बूट मी घातला ह्यांच्या पायात. नाडी इतकी आवळली की हॉस्पिटलात ती कापावी लागली.”

कार्बन जमिनीकडे बघत होता. “मी दोघांसाठी रडत होतो,” तो म्हणाला. “पण तिला काय सांगू? आधी माझं कळलं, मग त्याचं. तुम्हा सगळ्यांना फक्त त्याचं कळलं. मला ते वेगळं काढून सांगता येत नाही. म्हणून म्हणतो, घरी कळलं.”

त्याला इतकी वाक्यं सलग बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि मी काही रडणारी बाई नाही. ज्या श्वासानं लंबू गेला, त्याच श्वासानं आमचा कार्बन राहिला होता. आणि तो ओळखला कुणी, तर जिला लंबूचं तोंडही बघायचं नव्हतं तिनं. आम्ही गाढवं टाळ्या वाजवत होतो.

“चुकलो, वहिनी,” डॉक्टर म्हणाला. “आता ही गोष्ट सांगेन पेशंटना.”

“तिखटमीठ न लावता!” मी ओरडले.

“तेही नको,” वहिनी म्हणाल्या. “मी त्यासाठी आले नाही. काल छातीच्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, आता तपासायला येऊ नका, सगळं स्वच्छ आहे. घरी आल्यावर मला वाटलं, आज तरी हा माणूस तोंड उघडेल. काही गुणगुणेल. तर बसले आपले भिंतीकडे बघत. ताई, मला ती बोंब कधीच आवडली नाही. अजूनही आवडत नाही. पण कापूस कानात घालायला काहीतरी आवाज तर पाहिजे ना घरात? ही शांतता मला सोसत नाही.” मग त्या वळून नवऱ्याला म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, पहिल्या रांगेत येऊन बसेन. आले. आता गा.”

“अगं, हुबेहूब येत नाही.”

“नको येऊ दे. तो गेला बिचारा. त्याच्यासारखं आता कशाला गायचंय?”

कार्बननं आमच्याकडे बघितलं. मी ड्रमवर जाऊन बसले. धाकट्यानं गिटार घेतली. डॉक्टरनं खुर्ची पुढं ओढली तिचा चर्रकन आवाज झाला, तेव्हा कार्बनला आपली ती वेगळी ठेवलेली खुर्ची आठवून हसू आलं. आम्ही पुलाचं गाणं सुरू केलं. मी काड्या अगदी हलक्या टेकवत होते, शिकाऊ माणूस क्लच सोडतो तशा. पहिल्या ओळी त्यानं दबक्या आवाजात म्हटल्या. आवाज लंबूचा नव्हता. थोडा फाटलेला, जाडसर, खालच्या पट्टीतला. कुणाचा होता हे मला ओळखता येईना, मग लक्षात आलं की हा ह्याचा स्वतःचा असणार.

लांब ओळ जवळ आली तसा आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. वहिनी उठल्या, त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि पिठाचा हात त्याच्या पाठीवर सपाट ठेवला. तो गाता गाता थबकला. “अगं, बरा आहे मी,” म्हणाला.

“गप्प बसा,” वहिनी म्हणाल्या, “आणि गा.”

त्यानं ओळ पुन्हा घेतली. लंबू जिथे थांबला होता तिथे तो थांबला नाही. त्यानं दोनदा श्वास घेतला, दोन्ही वेळा भलत्याच ठिकाणी, जिथे त्याला लागला तिथे, पोटभर, मोकळा. ताल चुकला, मलाही काडी उचलून वाट बघावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा कार्बननं ती ओळ चुकीची म्हटली, आणि शेवटपर्यंत नेली. वहिनींनी हात काढला नाही.